अर्धं चाक पुढे

तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण बोलण्याच्या ओघात म्हणून जातो. आर्मेल केरब्राच्या बाबतीत मात्र ते शब्दशः खरं होतं. ती चिडली की सर्वांत आधी तिच्या पायांना कळायचं. पायडल हलकं व्हायचं, सायकल आपोआप पळायला लागायची. हे गुपित तिने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण प्लुवेनानच्या सायकल मंडळात तिची जी काही पत होती ती डोकं शांत ठेवून सायकल चालवण्याची होती.

प्लुवेनान हे ब्रिटनीच्या, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या, समुद्रकाठचं आमचं गाव. मंडळात माझ्यासकट साठ-सत्तर माणसं, आणि बहुतेकांचे गुडघे त्यांच्यापेक्षा म्हातारे. दर जूनमधल्या दुसऱ्या शनिवारी ही मंडळी दोनशे किलोमीटरची फेरी काढतात, ऑडॅक्सच्या जुन्या रीतीने. ही शर्यत नव्हे. सगळ्यांनी एकत्र निघायचं, एकत्र पोचायचं, आणि ताशी साडेबावीस किलोमीटरने जायचं. चढावर थोडं कमी, उतारावर आवरतं घेत, पण थांब्यावर पोचताना सरासरी साडेबावीसचीच निघाली पाहिजे. लवकर पोचणं हा उशिरा पोचण्याइतकाच मोठा गुन्हा. सगळ्यांच्या पुढे कप्तान असतो, दंडावर लाल पट्टी बांधलेला, गळ्यात शिटी अडकवलेला. त्याच्या चाकापुढे कुणी जायचं नाही. सगळ्यांच्या मागे दुसरा कप्तान, तो शेवटच्या माणसाला सोडून हलत नाही. बस्स, एवढाच कायदा. पण माणसाला जेवढा कायदा सोपा तेवढा तो मोडावासा वाटतो.

पुढची कप्तान एकोणीस वर्षं आर्मेलच होती. बाकीच्यांच्या हँडलवर वेग दाखवणारी यंत्रं आली, आधी काट्याची, मग आकड्यांची, मग उपग्रहावरून चालणारी. आर्मेलच्या मनगटावर घड्याळ होतं आणि ते ती थांब्यावर पोचल्यावरच बघायची. गेल्या एकोणीस वर्षांत ती तीन मिनिटांपेक्षा जास्त चुकली नव्हती. लोक विचारायचे, तुला कळतं कसं? ती म्हणायची, "सार्डिननी शिकवलं."

ते खरंच होतं. एकतीस वर्षं ती माशांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी होती. पट्ट्यावरून सार्डिन येत, डोकं उडवायचं, डब्यात रचायचं. तिथला मुकादम दुपारी जेवण झाल्यावर, बाया सुस्तावलेल्या असताना, पट्ट्याचा वेग हळूच एका खुणेने वाढवायचा. कुणाला दिसायचं नाही. संध्याकाळी मात्र रांगेतली शेवटची बाई, जिच्याकडे सगळ्यांचं राहिलेलं यायचं, ती रडकुंडीला यायची आणि मुकादम तिलाच आळशी म्हणायचा. आर्मेलच्या हातांना ती एक खूण कळायची. ती सुरी खाली ठेवायची आणि साऱ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "साहेब, पट्टा मागे घ्या." सहा वेळा तिला ताकीद मिळाली. सहाही वेळा पट्टा मागे गेला. वेग हा नेहमी चोरपावलांनी वाढतो आणि त्याची किंमत नेहमी शेवटच्या माणसाने मोजायची असते, हे ती तिथे शिकली, आणि तिला त्याचा मनस्वी संताप होता.

यंदाच्या फेरीत तो शेवटचा माणूस लुसिएन तांगी होता. वय चौऱ्याहत्तर. पूर्वी गावाचा बेकर होता. चोवीस फेऱ्या पुऱ्या केलेला, यंदाची पंचविसावी. हिवाळ्यात त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरने सांगितलं होतं, "चालवा सायकल, पण गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. धाप लागता कामा नये." लुसिएन खूश झाला. साडेबावीसने तो झोपेतसुद्धा गप्पा मारत असे. पण त्याची बायको तेरेज तयार होईना. ती फेरीच्या आदल्या रविवारी आर्मेलच्या स्वयंपाकघरात येऊन बसली, कॉफीला हातही न लावता.

"मला तुमच्या मंडळाचं काही सांगू नकोस," तेरेज म्हणाली. "तू सांग. तू त्याला परत आणशील?"

"आणीन."

"बरोबर? सगळ्यांबरोबर? गाडीत घालून नाही?"

"अगं, साडेबावीसने तर तुझी कोंबडीही येईल. आणीन म्हटलं ना."

"तुझ्या शब्दावर सोडतेय हं मी," तेरेज म्हणाली आणि तेव्हा कुठे तिने कॉफी प्यायली. लुसिएनला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो घरी चाकात हवा भरत शीळ घालत होता. त्याने मित्रांना एवढंच सांगितलं होतं की ही जमली तर पुढे चालू, नाही जमली तर सायकल विकायची, उगाच अडगळ नको.

आता बेर्त्रांबद्दल सांगायला हवं, आणि त्याच्याबद्दल चांगलं बोलणं मला जड जातं. हा गृहस्थ पॅरिसमध्ये कुठल्याशा विमा कंपनीत साहेब होता. निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरी, म्हणजे आमच्याकडे, राहायला आला. दोन वर्षांत मंडळाचा सभासद, जानेवारीत अध्यक्ष. कानामागून आला आणि तिखट झाला. सायकल अशी की एका बोटावर उचलावी. पायांची हजामत केलेली. बासष्टाव्या वर्षी पोट सपाट. यात वाईट काही नाही, पण त्याला दुसऱ्याचं पोट बघवत नसे. आणि अध्यक्ष म्हणून पहिल्या रांगेत, कप्तानाच्या शेजारी चालवण्याचा त्याला मान होता.

सकाळी सहाला एकतीस जण निघाले. आभाळ स्वच्छ, आर्टिचोकच्या शेतांवरून खारा वारा. पहिल्या दहा किलोमीटरमध्येच आर्मेलच्या लक्षात आलं की बेर्त्रांचं पुढचं चाक तिच्या चाकाच्या अर्धं चाक पुढे आहे.

दोघं शेजारी शेजारी चालवत असताना याहून मोठा आगाऊपणा नाही. करणारा काहीच करत नसतो, नुसता अर्धं चाक पुढे असतो. शेजारच्याला ते नकळत टोचतं, तो पाय जरा दाबतो आणि बरोबरी करतो. की हा पुन्हा अर्धं चाक पुढे. कुणी जोर लावला असं म्हणायची सोय नाही, पण वीस मिनिटांनी वेग दोन-तीन किलोमीटरने वाढलेला असतो. शहाणा माणूस अशा वेळी काय करतो? काही करत नाही. पुढच्याला अर्धं चाक पुढेच राहू देतो. मग तो बिचारा पुढे ताटकळतो, मागे वळून बघतो आणि शेवटी मागे येतो.

आर्मेलने तेच केलं. बेर्त्रां म्हणाला, "वारा पाठीशी आहे आर्मेल. ब्रेक का दाबतेयस?"

"ब्रेकला हातही लावलेला नाही अध्यक्षमहाराज. चाक मागे घ्या."

"यंत्र बावीस पूर्णांक तीन दाखवतंय."

"पुढे चढ आला की यंत्राला विचारा काय ते."

असं सकाळभर चाललं. पहिल्या थांब्यावर आठ चाळीसला पोचायचं होतं, आठ एकेचाळीसला पोचले. जेवणाला अकरा तेवीसला पोचायचं होतं, बरोबर अकरा तेवीसला पोचले. लुसिएन मधल्या रांगेत होता आणि पूर्ण वेळ बडबडत होता. त्याचं पावाच्या भट्टीचं पुराण ऐकून शेजारचा दमला, तो दमला नाही.

जेवायला कुट्टूच्या पिठाची घावनं, आत अंडं आणि हॅम, आणि वाडग्यातून सफरचंदाची साइडर. लांब टेबलाभोवती सगळे बसले. बेर्त्रां उभा राहिला, वाडगा हातात घेतला.

"मित्रहो, मी एकदा माझ्या सासऱ्यांच्या प्रेतयात्रेला गेलो होतो," तो म्हणाला. "ती आपल्यापेक्षा जोरात चालली होती."

लोक हसले. आर्मेल घावनाचा घास गिळून म्हणाली, "सासरे घाईत असतील. तुमच्यापासून सुटका होत होती ना."

आता लोक जास्त हसले. टेबल बडवलं. बेर्त्रांही हसला, पण त्याचे कान लाल झाले. विम्याच्या साहेबाला कुणी कधी असं भर पंगतीत उत्तर दिलं नसावं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग एक बातमी देतो. पुढच्या वर्षापासून आपण ही रीत बंद करतोय. मोकळा वेग. ज्याला जसं जमेल तसं त्याने यावं. तरुण मंडळी येतील, मंडळ जगेल. आर्मेलची शिटी आपण काचेच्या कपाटात ठेवू, सन्मानाने. आणि लुसिएनसारख्यांसाठी मागे गाडी असेलच."

लुसिएनसारख्यांसाठी. लुसिएन तिथेच बसला होता, चार खुर्च्या सोडून. त्याने पंगतीत सगळे हसतात तसं हसून घेतलं आणि मान खाली घालून ताटातलं अंडं काट्याने सारखं करत बसला. ते आर्मेलला दिसलं. काचेच्या कपाटाचं तिला काही वाटलं नसतं. पण चोवीस फेऱ्या केलेल्या माणसाला भर पंगतीत 'सारखा' करून टाकायचं, आणि त्यानेच वर हसून दाखवायचं! तिच्या तळपायाला आग लागली.

लगेच कुणी निघालं नाही, कारण जेवणाची सुट्टी दीड तासाची. तो दीड तास थंड व्हायला पुरायला हवा होता. पुरला नाही. बारा पंचावन्नला शिटी वाजली, आर्मेल खोगिरावर बसली, आणि पहिल्याच वळणावर बेर्त्रांचं चाक अर्ध्याने पुढे आलं.

तिने पाय दाबला.

हे लिहिताना मला आजही चीड येते, तिची. एकोणीस वर्षं जिने हे केलं नाही तिने तेव्हा का करावं? पण केलं. बरोबरीला आली. त्याने तिच्याकडे पाहिलं, भुवई उंचावली आणि पुन्हा अर्धं चाक काढलं. ती पुन्हा बरोबरीला आली. मग तिनेच अर्धं चाक पुढे काढलं. आणि खरं सांगायचं तर तिला मजा आली. पाय हलके झाले होते, रस्ता मागे पळत होता, आणि शेजारी त्या हजामत केलेल्या पायांना घाम फुटला होता. 'प्रेतयात्रा म्हणतोस? ये तर मग,' असं ती मनात म्हणत होती.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कुणी मागे पडायला लागलं की मागचा कप्तान ओरडतो, "पुढे हळू!" आणि ती हाक रांगेतून तोंडोतोंडी पुढे येते. ती पुढच्या कप्तानापर्यंत पोचली की वेग उतरलाच पाहिजे, मग चढ असो, पाऊस असो, की तुमचं डोकं फिरलेलं असो.

पहिली हाक पंधरा किलोमीटरवर आली. "पुढे हळू!" आर्मेलला स्पष्ट ऐकू आली. तिने ठरवलं, एवढी टेकडी होऊ दे, वर गेल्यावर सोडते. टेकडी संपली तर उतार लागला आणि उतारावर बेर्त्रां पुढे जाऊ पाहत होता. दुसरी हाक आली. तिला वाटलं, आता वेग सोडला तर हा म्हणणार, बघा, दमली म्हातारी. तिसरी हाक आलीच नाही. तिला बरं वाटलं. मागचे जुळले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. हाक थांबायचं दुसरं कारण असू शकतं, ते तिच्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं आणि तिने ते बसू दिलं नाही.

लानुर्झेल गावच्या शाळेत कॉफीचा थांबा होता. पोचायची वेळ तीन वाजून आठ मिनिटं. ते शिरले तेव्हा दोन बाया टेबलावर चादर पसरत होत्या. "अगंबाई, आलात पण?" त्यांतली एक म्हणाली. "पाणीसुद्धा ठेवलं नाही अजून." आर्मेलने घड्याळ पाहिलं. दोन बावन्न. सोळा मिनिटं लवकर.

बेर्त्रांने दोन्ही हात वर केले. "सोळा मिनिटं! मंडळात जान आहे अजून!" तीन-चार जणांनी टाळ्याही वाजवल्या, धापा टाकत. बाकीच्यांनी सायकली भिंतीला टेकवल्या आणि तिथेच जमिनीवर बसकण मारली. आर्मेलने माणसं मोजली. एकोणतीस. पुन्हा मोजली. एकोणतीसच.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मागचा कप्तान यानिक होता, मितभाषी माणूस, आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला. "लुसिएन तुमच्या दहा किलोमीटर मागे बसला होता," तो म्हणाला. "उलटी झाली. आता उठलाय. गाडी बोलावतो म्हटलं तर नको म्हणतो. निघतोय आम्ही." थोडं थांबून म्हणाला, "दोनदा ओरडलो मी. मग माणसं इतकी पुढे गेली की ओरडायचं कुणाला?" आणि त्याने फोन ठेवला.

तीन पंचविसाला दोघं फाटकातून आत आले. लुसिएनचा चेहरा राखेसारखा. सायकलवरून उतरताना त्याचा पाय दांडीवरून पलीकडे येईना, यानिकने धरून उतरवला. आर्मेल पुढे झाली. तो आता आपल्याला झाडणार, चार माणसांत झाडणार, आणि झाडू दे, असं मनाशी ठरवून ती उभी होती.

"माफ कर पोरी," लुसिएन म्हणाला.

"काय?"

"माफ कर. सगळ्यांचा खोळंबा केला. साडेबावीस झेपलं नाही मला." तो बाकावर बसला आणि हातमोजे काढून नीट घडी करून शेजारी ठेवले. "पहिल्या टेकडीलाच धाप लागली. मी म्हटलं, पुढे आर्मेल आहे म्हणजे वेग बरोबरच असणार. म्हणजे बिघाड माझ्यात आहे. म्हणून ओढत राहिलो. पण नाही, संपलं. डॉक्टरने नीट शिवलं नाही म्हण, की वय झालं म्हण. साडेबावीसने जर ही गत, तर कशाला? सायकल विकून टाकतो."

बेर्त्रां पुढे आला आणि त्याने लुसिएनच्या खांद्यावर हात ठेवला. "शहाणपणाचा निर्णय आहे, लुसिएन. वय कुणाला चुकलंय? मी गाडी बोलावतो. आरामात घरी जा."

आणि तेव्हा आर्मेलने पाहिलं की बेर्त्रांचा दुसरा हात त्याच्या सायकलच्या हँडलवर आहे, यंत्रावर. यंत्रावर जेवणानंतरच्या सरासरीचा आकडा झळकत होता, पंचवीस पूर्णांक सहा. त्याने अंगठ्याने बटण दाबलं आणि आकडा गेला. त्याने वर पाहिलं, आर्मेलशी नजर भिडली, आणि तो किंचित हसला. समजूतदार माणसं एकमेकांकडे बघून हसतात तसं. तुझंही झाकलेलं राहील आणि माझंही, असा त्याचा अर्थ होता.

किती सोपं होतं! लुसिएन स्वतःच गुन्हा कबूल करून बसला होता. मंडळातल्या निम्म्या लोकांना वेग जास्त होता हे पायांवरून कळलं होतं, पण कप्तानाला कोण बोलणार? सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. गप्प बसलं की संपलं. फक्त एका माणसाने आपलं हृदय निकामी झालं असं समजून उरलेली वर्षं खुर्चीत बसून काढायची.

"साडेपंचवीस!" आर्मेल ओरडली.

कॉफी ओतणारी बाई दचकली.

"साडेपंचवीसने आणलंय मी सगळ्यांना! साडेबावीसने नाही. लुसिएन, ऐकतोयस का? तुझ्या हृदयाला काही झालेलं नाही. मला झालं होतं. हा माणूस अर्धं चाक पुढे काढत होता आणि मी त्याच्या मागे कुत्र्यासारखी धावले. यानिकची हाक मला ऐकू आली. दोनदा. दोन्ही वेळा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं!"

"आर्मेल, शांत हो," बेर्त्रां म्हणाला. "आणि नियमाचं बोलायचं तर वेग कप्तान ठरवतो. मी फक्त शेजारी होतो."

"होतास ना! तेच म्हणतेय. दिवसभर शेजारी बसून माझ्या चाकाला कोपर मारत होतास. पण ते तुझं तू बघ. लाज तुला वाटेल तेव्हा वाटू दे, मला आत्ता वाटतेय." तिने दंडावरची लाल पट्टी ओढून काढली. गाठ सुटेना, तिने दाताने सोडवली आणि पट्टी लुसिएनपुढे धरली. "घे, आणि ही शिटीही घे. मी आज पुढे चालवायच्या लायकीची नाही."

मग लुसिएन हळूहळू उठून उभा राहिला. त्याच्या गालावर जरा रंग आला होता आणि तो कॉफीचा नव्हता.

"साडेपंचवीस?" तो म्हणाला.

"हो."

"त्या टेकडीवर?"

"टेकडीवर चोवीस."

"बये, मला मारायला निघाली होतीस की काय!" लुसिएनचा आवाज चिरका झाला. "मी तिकडे ओकतोय, देवाला हाका मारतोय, तेरेजला काय सांगू, सायकलची किंमत किती येईल याचा हिशेब करतोय, आणि तू इकडे या चिकण्याशी शर्यत खेळतेस? चोवीस फेऱ्या मी तुझ्या मागच्या चाकावर डोळे मिटून विश्वास टाकला! चोवीस!"

"माझ्या मागे एकोणीस," आर्मेल म्हणाली. तशाही अवस्थेत तिला चूक आकडा सहन झाला नाही.

"गप्प बस! आण ती पट्टी इकडे."

त्याने पट्टी स्वतःच्या दंडाला बांधून घेतली. यानिकने गाठ मारली. "आता पुढे मी," लुसिएन म्हणाला. "ज्याला माझ्या पायाने यायचं त्याने या. ज्याला घाई असेल त्याने रेल्वेने जा."

"हे बघा," बेर्त्रां म्हणाला, "हा वीसने जाणार. आपण सगळे उशिरा पोचलो तर एकतीस जणांची कार्डं बाद होतील, फेरी कुणाचीच धरली जाणार नाही. एका माणसासाठी?"

"वीस मिनिटांची सूट आहे नियमात," यानिक म्हणाला. "आजवर कुणाला लागली नव्हती, म्हणून तुला ठाऊक नाही. तू यंत्र वाच, नियम आम्ही वाचतो."

ते यानिकने दिवसभरात चारचौघांत केलेलं सर्वांत लांब भाषण होतं. लुसिएनने आलुबुखार घातलेल्या दुधाच्या वडीचे दोन तुकडे खाल्ले, दोन ग्लास पाणी प्यायला आणि शिटी वाजवली. एकतीस जण निघाले. बेर्त्रांही निघाला, चौथ्या रांगेत, कारण पहिल्या रांगेत लुसिएनने मंडळातल्या एका निवृत्त मास्तरीणबाईंना शेजारी घेतलं होतं आणि त्यांना भट्टीचं पुराण पहिल्यापासून सुरू केलं होतं.

आर्मेल सर्वांत मागे गेली, यानिकच्या शेजारी. तिथून तिने मंडळ कधी पाहिलंच नव्हतं. पुढे लुसिएनने जरासा पाय दाबला की मधल्या रांगा त्याहून जास्त दाबत, आणि शेवटच्या रांगेला जीव तोडून फट भरावी लागे. पुढे एक वाढला की मागे तीन वाढत. पुढे चिमटा, मागे खड्डा. "नेहमी असंच असतं?" तिने विचारलं.

"तू पुढे असायचीस तेव्हा नसायचं," यानिक म्हणाला. "म्हणून तर आज कळेना मला, काय झालं ते." पुढचे चाळीस किलोमीटर ती शेवटच्या रांगेबरोबर फटी भरत राहिली.

प्लुवेनानच्या नगरभवनासमोर पाच पंचविसाला पोचायचं होतं. पाच एकेचाळीसला पोचले. चार मिनिटं शिल्लक. टाळ्या झाल्या, कार्डांवर शिक्के पडले. लुसिएन सायकलवरून आपला आपण उतरला. बेर्त्रां वाट बघणाऱ्या लोकांना सांगत होता, "छान झाली फेरी. सगळे एकत्र आले, हे महत्त्वाचं." मला त्या वेळी त्याच्या यंत्रासकट त्याला समोरच्या कारंज्यात बुडवावंसं वाटलं होतं, आणि ते वाटणारा मी एकटा नव्हतो.

तेरेज गर्दीतून वाट काढत आली. तिने आधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या शर्टावरच्या डागाकडे, मग दंडावरच्या पट्टीकडे. मग ती आर्मेलकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता.

"आणलास," ती म्हणाली.

लुसिएन काहीतरी बोलणार होता. त्याच्या तोंडावरून दिसत होतं की तो सावरून घेणार.

"नाही," आर्मेल म्हणाली. "मी नाही आणला. मी त्याला दहा किलोमीटर मागे टाकून पळाले होते. त्या माणसाने मला चिडवलं आणि मी वेग वाढवला. लुसिएनला उलटी झाली. मागून हाका आल्या, मी थांबले नाही. शेवटचे चाळीस तो स्वतःच्या पायाने आलाय."

तेरेजचा चेहरा हळूहळू मिटत गेला. ती ओरडली नाही. ती वाकली आणि लुसिएनच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावली, लहान मुलाची लावतात तशी, आणि त्यानेही ती लावू दिली.

"मी तुला विचारलं होतं," ती आर्मेलला म्हणाली. "तुझ्या स्वयंपाकघरात बसून विचारलं होतं."

"हो."

"चार वेळा खिडकीत जाऊन आले मी आज. चारही वेळा मनात म्हटलं, आर्मेल आहे." तिने लुसिएनच्या जॅकेटची कॉलर रागाने ओढून सरळ केली. "तुझंसुद्धा ताट मांडलंय घरी. कोकराचं मटण केलंय. आज नको येऊस."

"बरोबर आहे," आर्मेल म्हणाली.

"बरोबर आहे काय! तोंड वर करून बरोबर आहे म्हणतेस!" तेरेजने नवऱ्याची सायकल हातात घेतली आणि चार पावलं चालून गेली. मग थांबली, मागे न वळता म्हणाली, "आज मला तुझ्यावर चिडू दे. उद्या ये."